जाऊबाई म्हणतात, दोष खानदानी आहे

पत्र :

मी ३४ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यात राहते. लग्नाला सात वर्षं झाली. चौथ्या वर्षी दिवस राहिले होते, पण नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले आणि पिशवी साफ करावी लागली. त्यानंतर राहिलंच नाही, म्हणून पुण्याला आयव्हीएफ सुरू केलं. गर्भ चांगले तयार होतात, ‘ए ग्रेड’ आहेत म्हणतात. दोनदा फ्रोझन ट्रान्सफर झालं, म्हणजे गोठवलेला गर्भ पिशवीत सोडला, दोन्ही वेळा बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) निगेटिव्ह. पिशवीचं अस्तर पहिल्या वेळी ६.४ मिलिमीटर होतं, दुसऱ्या वेळी ६.१. पाळी अगदी नियमित आहे. पूर्वी चार दिवस जायची, आता जेमतेम एकच दिवस, त्यामुळे त्रास असा काही नाही. डॉक्टर म्हणाले, आता अस्तराची जीन टेस्ट करू. माहितीपत्रकात २३८ जीन्स तपासतात असं लिहिलंय. खर्च साठ हजारांच्या आसपास. घरी सांगितलं तर जाऊबाई म्हणाल्या, “म्हणजे दोष रक्तातच आहे, खानदानी.” माझ्या मावशीलाही मूल नव्हतं. तेव्हापासून सासूबाई गप्प गप्प असतात. मिस्टर काही बोलत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. तिच्या सासरी आधीच सांगायला हवं का? टेस्ट करावी का? आणि माझी जीन्सच खराब असतील तर पुढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

— एक वाचक

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि ‘त्रास नाही’ म्हणून सोडूनही दिली आहे. तिच्याकडे येतेच. आधी बहिणीचं, कारण ते एका ओळीत संपतं : तिच्या सासरी काहीही सांगायचं नाही. सांगण्यासारखं काही नाहीच.

आता या जीन टेस्टचं बघू. आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा, म्हणजेच जीन्सचा, एकच संच असतो. साधारण वीस हजार जनुकं. डोळ्यात तीच, यकृतात तीच, पिशवीच्या अस्तरातही तीच. कुठलं जनुक कुठे आणि केव्हा कामाला लागतं, यात सगळा फरक आहे. पुरणयंत्र घरात वर्षभर असतं, पण माळ्यावर. होळी आली की खाली उतरतं. आषाढातल्या एखाद्या मंगळवारी कोणी तुमच्या ओट्यावर नजर टाकून “या घरात पुरणयंत्रच नाही” असं जाहीर केलं, तर तुम्ही त्या व्यक्तीला काय म्हणाल? तुम्हाला सुचवलेली तपासणी ही अशी एका दिवसाची, ओट्यावर टाकलेली नजर आहे.

जनुक कामाला लागलं की त्याच्या आरएनएच्या रूपात नकला निघतात. अस्तराचा चिमूटभर तुकडा घेऊन त्यातल्या २३८ जनुकांच्या नकला मोजतात, आणि त्या घटकेला अस्तर गर्भ घ्यायला तयार होतं, अजून व्हायचं होतं की वेळ टळून गेली होती, याचा अंदाज बांधतात. आईवडिलांकडून तुम्हाला कोणती जनुकं मिळाली, त्यात काही बिघाड आहे का, हे ही तपासणी बघतच नाही. रिपोर्टमध्ये ‘प्री-रिसेप्टिव्ह’ (अजून तयार नाही) आलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आणखी काही तास द्यावं असं त्या प्रयोगशाळेचं म्हणणं आहे. जाऊबाईंच्या निदानाला त्यात कुठेच जागा नाही.

ही तयारी नेमकी होते कशी, ते सांगते. दोष-दोष म्हणताना सगळेच हे विसरतात, की दर महिन्याला आपल्या पोटात केवढं काम उरकलेलं असतं. पाळी संपली की इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या जोरावर अस्तर वाढतं, जाड होतं. पण नुसतं जाड अस्तर गर्भाच्या उपयोगाचं नसतं. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन येतं. ते अस्तराच्या पेशींत शिरतं, तिथल्या आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं, आणि ही जोडी थेट डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करायला लागते. पृष्ठभागावरच्या पेशींत ‘इंडियन हेजहॉग’ नावाचं जनुक जागं होतं. (भारतीय काटेरी साळूसारख्या एका छोट्या प्राण्याचं नाव त्याला दिलंय. शास्त्रज्ञांची विनोदबुद्धी, दुसरं काय.) त्याचा निरोप खालच्या थरातल्या पेशींना जातो. तिथे ‘हँड-२’ नावाचं जनुक कामाला लागतं आणि वर उलटा निरोप धाडतं, की आता वाढ पुरे. हा निरोप पोचला नाही तर पृष्ठभाग वाढतच राहतो आणि गर्भाला आत शिरू देत नाही. हँड-२चं हे काम उंदरांमध्ये उलगडून दाखवलं ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काम करणाऱ्या इंद्राणी आणि मिलन बागची यांच्या गटाने, २०११ मध्ये.

अस्तरातल्या ग्रंथी ‘लिफ’ नावाचं प्रथिन सोडतात. १९९२ मध्ये त्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरिणी तयार केल्या. त्यांच्या पोटात गर्भ व्हायचे, निरोगी असायचे, पण रुजायचे नाहीत. तेच गर्भ दुसऱ्या उंदरिणीच्या पिशवीत ठेवले की रुजायचे. गर्भ चांगला असूनही अस्तरामुळे अडू शकतं, याचा इतका स्वच्छ पुरावा तोवर मिळाला नव्हता. तीन वर्षांनी ‘हॉक्स-ए-१०’ या जनुकाचंही तसंच निघालं. हे जनुक मला फार आवडतं. मुलगी आईच्या पोटात असताना तिच्या शरीरात पिशवी कुठे तयार व्हायची हे ठरवण्यात त्याचा हात असतो, आणि ती मुलगी वयात आल्यावर तेच जनुक दर महिन्याला मासिक चक्राच्या उत्तरार्धात पुन्हा अस्तरात जोर धरतं. एवढं मोठं काम करून निवृत्त न होणारं जनुक.

मग खालच्या थरातल्या लांबट पेशी गोल, गुबगुबीत होतात, गर्भाला धरून ठेवायला आणि पोसायला सज्ज होतात. उंदरात हा बदल गर्भ टेकल्यावर सुरू होतो. आपल्यात तो गर्भाची वाट न बघता दर महिन्याला आपणहून सुरू होतो, आणि गर्भ आला नाही की ते सगळं अस्तर गळून पडतं. पाळी येते ती यामुळे. खानदानाची गोष्ट निघालीच आहे तर हेही ऐका : येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की वार असणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये डीएनएचे काही उड्या मारणारे तुकडे जनुकसंचात ठिकठिकाणी जाऊन बसले आणि त्यांच्यामुळे कितीतरी जुनी जनुकं प्रोजेस्टेरॉनच्या हुकमतीखाली, अस्तराच्या कामाला लागली. हा वारसा तुमचा, तुमच्या जाऊबाईंचा आणि गोठ्यातल्या म्हशीचा एकच आहे.

हे सगळं जुळून येण्याचा काळ छोटा असतो. बीज बाहेर पडल्यानंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसापर्यंत. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका जुन्या अभ्यासात (१९९९) टिकलेल्या गरोदरपणांपैकी ८४ टक्के गर्भ आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. अस्तराची ही वेळ हुकत असेल तर ती शोधावी, ही त्या तपासणीमागची कल्पना. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात २०११ मध्ये ती पुढे आली. कल्पना देखणी आहे, यात शंका नाही.

पण तुमच्या पोटात एक गर्भ रुजला होता. नऊ आठवड्यांपर्यंत वाढला, त्याचे ठोके तुम्ही सोनोग्राफीत पाहिले असतील. तो वाचला नाही, याचं दुःख आहेच आणि त्यावर घरात कोणी नीट बोललं असेल असं पत्रावरून वाटत नाही. पण जन्मतःच अस्तराची जनुकं ‘खराब’ असती तर तो तिथवर पोचलाच नसता. तेव्हा हेजहॉग, हँड-२, लिफ, हॉक्स-ए-१० सगळे आपापल्या कामावर हजर होते.

मग नंतर काय बदललं? तुम्हीच लिहिलंय. पिशवी साफ केली. पूर्वी चार दिवस जाणारी पाळी आता एक दिवसावर आली. आणि अस्तर दोन्ही वेळा पातळ, सात मिलिमीटरच्या खाली राहिलं.

अस्तराचा वरचा थर दर महिन्याला गळतो आणि खालच्या पायाच्या थरातून पुन्हा उगवतो. पिशवी साफ करताना, विशेषतः गर्भपातानंतर पिशवी मऊ असताना, तो पायाचा थर खरवडला गेला तर तिथे व्रण पडतात, पुढची-मागची भिंत एकमेकींना चिकटते. याला अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात. तेल अवीवमधल्या डॉ. जोसेफ अ‍ॅशरमन यांनी १९४८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पाळी एकदम कमी होणं हे त्याचं ठळक लक्षण, आणि नेमकं याच लक्षणाबद्दल कोणी तक्रार करत नाही. उलट बरं वाटतं! पॅड कमी लागतात, कामं अडत नाहीत. तुम्हाला हेच झालंय असं मी इथून सांगू शकत नाही. मात्र ते शोधून काढण्याची खात्रीची पद्धत दुर्बिणीतून पिशवी आतून बघणं (हिस्टेरोस्कोपी) ही आहे, आणि तुमच्या पत्रात दुर्बिणीचा कुठेही उल्लेख नाही. चिकटलेला भाग असेल तर तो त्याच वेळी सोडवताही येतो. किती फायदा होईल हे व्रण किती पसरले आहेत यावर ठरतं. थोडे असतील तर बऱ्याच जणींची पाळी सुधारते, अस्तर वाढतं.

चिकटलेल्या पिशवीतून जनुकांची चाचणी करून हाती काय येणार? जिथे अस्तरच धड उगवलेलं नाही तिथे त्याची वेळ तपासायची, हा क्रम मला पटत नाही. आधी दुर्बीण.

दुर्बीण घालतील तेव्हा अस्तराचा तुकडा टीबीसाठीही पाठवायला सांगा. आपल्याकडे पिशवीचा टीबी खोकला-तापाशिवाय, मुकाट्याने अस्तर आणि बीजवाहक नळ्या खराब करून जातो आणि पाळी कमी होण्याचं तेही एक कारण आहे. फक्त एक जपा : नुसती पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणून टीबीच्या औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स लगेच सुरू करू नका. पेशींची तपासणी, कल्चर (जंतू वाढवून बघणं), दुर्बिणीत काय दिसलं, हे सगळं एकत्र ठेवून निर्णय व्हायला हवा.

नळ्यांचंही विचारा. नळीत पाणी साठलं असेल तर ते पिशवीत झिरपतं आणि आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर आणतं. अशा बायकांच्या अस्तरात हॉक्स-ए-१० कमी आढळतं आणि ती नळी काढल्यावर ते पुन्हा वाढतं. एंडोमेट्रिऑसिसमध्येही (अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढतात तो आजार) हे जनुक दबलेलं असतं. त्याच्या अक्षरात चूक झालेली नसते, त्याच्यावर रासायनिक खुणा बसून ते गप्प झालेलं असतं. म्हणजे बघा, ‘जनुक नीट चालत नाही’ असं निघालं तरी इलाज नळीवर किंवा आजारावर करायचा असतो, खानदानावर नाही. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेत हॉक्स-ए-१० वर बरंच काम झालंय, आजही चालू आहे. त्याच परळमध्ये, केईएममध्ये, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि या संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली होती. आपल्याला हे ज्ञान पुण्या-मुंबईत मिळतं, त्यासाठी जाऊबाईंना विचारायची गरज नाही.

आता साठ हजारांचं. समजा दुर्बिणीत सगळं छान निघालं, नळ्याही ठीक आहेत, मग ती चाचणी करावी का? अमेरिकेत ७६७ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे गर्भ गुणसूत्रं तपासून निवडलेले होते. निम्म्यांचं ट्रान्सफर या चाचणीने सांगितलेल्या वेळी केलं, निम्म्यांचं नेहमीच्या वेळी. मूल हाती आलं ते चाचणीवाल्या गटात ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळेवाल्यांत ६१.९ टक्के. म्हणजे फायदा दिसला नाही. हा अभ्यास वारंवार अपयश आलेल्यांसाठी खास आखलेला नव्हता, हे खरं. तुमचे डॉक्टर तोच मुद्दा मांडतील आणि त्यात अप्रामाणिक काही नाही. पण मला विचाराल तर दोन अपयशांनंतर, दुर्बिणीच्या आधी, मी हे पैसे काढणार नाही.

कोणी अस्तर ‘खरवडून’ घ्यायचा सल्ला दिला, म्हणजे स्क्रॅचिंग, तर तोही नको. १,३६४ स्त्रियांवरच्या २०१९ च्या अभ्यासात केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत २६.१ टक्के बायकांना मूल झालं. तुमच्या बाबतीत तर अस्तराला आणखी एक ओरखडा हे ऐकूनच मला धस्स होतं. आणि उंदरिणींना लागणारं ते लिफ माणसाला इंजेक्शनने देऊन पाहिलं, तेही उपयोगी पडलं नाही. उंदराचं सगळंच माणसाला लागू होत नाही, हे तोट्याने कळतं.

गर्भाची बाजू मी अजून बोललेच नाही. ‘ए ग्रेड’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला चांगला. त्यातली गुणसूत्रं बरोबर आहेत की नाहीत हे दिसण्यावरून कळत नाही. पस्तिशीच्या आतही पाच दिवसांच्या गर्भांपैकी साधारण एक तृतीयांश गर्भांत गुणसूत्रांची चूक असते आणि असे बहुतेक गर्भ रुजत नाहीत किंवा टिकत नाहीत. तुमचा नवव्या आठवड्यातला गर्भही कदाचित त्यामुळेच थांबला असेल. लवकर होणाऱ्या गर्भपातांचं ते सगळ्यात नेहमीचं कारण आहे. साधा हिशोब करा : एका ट्रान्सफरला यशाची शक्यता ४० टक्के धरली, तर दोन्ही फसण्याची शक्यता ३६ टक्के निघते. हे दुःखद आहे, पण अघटित नाही. गुणसूत्रं तपासलेल्या गर्भांची लागोपाठ जास्तीत जास्त तीन ट्रान्सफर झालेल्या स्त्रियांचा हिशोब २०२१ मध्ये आला, त्यात तीन प्रयत्नांअखेर ९२.६ टक्के जणींना मूल झालं. मात्र ज्यांचे असे गर्भ तयार झाले त्यांचाच हा आकडा, तो सगळ्यांना लावू नका. गर्भाची अशी तपासणी आपल्याकडे पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याच्या अटींतच करता येते, तेव्हा तुम्ही त्यात बसता का हे केंद्रालाच विचारा.

आणि गर्भाचा निम्मा भाग तुमच्या मिस्टरांचा आहे. दोघांच्या गुणसूत्रांची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या. एकदाच करावी लागते. घरात ‘रक्तातला दोष’ शोधायचाच असेल तर दोघांचं रक्त एकाच दिवशी एकाच लॅबमध्ये द्या, आणि मिस्टरांनी स्वतः जाऊन दिलंय हे जाऊबाईंना कळू द्या. ते काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. या एका बाबतीत त्यांना बोलायला लावा. वहिनींना उत्तर त्यांनीच द्यायचं आहे, तुम्ही नाही.

मावशीला मूल का झालं नाही हे त्या काळात कोणी तपासलं असेल असं वाटत नाही, आणि काकांना तर कोणी विचारलंही नसेल. एंडोमेट्रिऑसिस आणि पिशवीच्या गाठी काही घरांत थोड्या जास्त दिसतात, एवढं खरं. त्यामुळे बहिणीला पाळीत लोळायला लावणारी पोटदुखी असेल तर तिला वेळेवर डॉक्टरांकडे न्या. लग्न ठरो वा न ठरो. नसेल तर तिच्या लग्नात मनसोक्त नाचा.

दुर्बिणीची तारीख पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांतली मागा, तेव्हा अस्तर पातळ असतं आणि आतलं स्पष्ट दिसतं. पिशवी साफ केली तेव्हाची कागदपत्रं, त्या वेळी तुकडा तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट, दोन्ही ट्रान्सफरच्या वेळची अस्तराची मापं आणि प्रोजेस्टेरॉन कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू केलं होतं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवून न्या. दुर्बिणीत जे दिसेल त्याचे फोटो आणि लेखी रिपोर्ट मागून घ्या. डॉक्टर बदलला तरी ते पुन्हा करावं लागू नये.